देवघरातल्या मूर्तीचा फोटो

गौरीहर पुजताना माहेरून मिळालेली अन्नपूर्णा आपल्यापैकी बहुतेकींच्या देवघरात आहे. शेजारी बाळकृष्ण, एखादा टाक, आजेसासूबाईंच्या वेळचा गणपती. मूर्ती जेमतेम दोन-तीन इंचांच्या. रोजचे स्नान आणि सणावाराची चिंच-रांगोळीची घासणी, यांनी नाक-डोळे पिढीगणिक झिजत जातात. त्यातून आमच्या कल्याणात पारनाक्याकडचे जुने वाडे जाऊन इमारती उभ्या राहताहेत. वाडा गेला की देव एका भावाकडे जातात, बाकीच्यांच्या वाट्याला फोटो येतो. मग तो तरी नीट नको का?

फोन आता घरोघरी आहे. पण मूर्तीचा फोटो काढावा तर पोटावर पांढरा डाग आणि चेहरा काळा! कारण सोपे आहे. घासलेले पितळ म्हणजे आरसाच. समोर जे असेल ते त्यात दिसते. फ्लॅश दिसतो, ट्यूबलाइट दिसते, आपला गाऊनसुद्धा दिसतो! म्हणून फ्लॅश आधी बंद करा. ट्यूबही बंद करा, नाहीतर दोन उजेडांचे दोन रंग मूर्तीवर चढतात.

सकाळी देवांना स्नान घातले की मूर्ती अगदी कोरड्या पुसून घ्या, पाण्याचा थेंबही चमकतो. गंध-फुले वाहण्याआधी हे काम उरका. ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ पाट ठेवा, खिडकी मूर्तीच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असा. खिडकीला पांढरे धोतर किंवा जुना मलमलचा पंचा लावा. उजेड गाळून येतो आणि पितळेवरचा डाग मऊ होतो. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावलीतला गाल उजळतो. पावसाळ्यातले ढगाळ आभाळ तर या कामाला फारच चांगले. धोतराचीही गरज पडत नाही.

आता खरी गंमत. पुठ्ठा काढून घ्या आणि पाट हळूहळू फिरवत उजेड मूर्तीला जवळजवळ घासून जाईल असा आणा. समोरून सपाट वाटणारा चेहरा एकदम उठून येतो. झिजलेली भुवई, हातातल्या पळीची कड, बैठकीवरची पुसट अक्षरे, सगळ्यांना बारीक सावली मिळते. झिजलेल्या टाकांना हाच उजेड द्या. काळ्या शाळिग्रामालाही तो शोभतो.

फोन मूर्तीच्या नाकाशी नेऊ नका, चेहरा फुगतो. हातभर मागे सरून दुप्पट झूम करा. फोन डब्यांच्या चळतीला टेकवा आणि टायमर लावा, म्हणजे हलणार नाही. पडद्यावर मूर्तीला बोट लावले की बहुतेक फोनांत सूर्याची खूण येते. ती किंचित खाली ओढली की पितळेचा भडकपणा जातो. मागे गडद, बिनजरीचे कापड असावे.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ येथील राममंदिरातून २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी त्या शोधून आणल्या. अशा वेळी ‘आमचीच मूर्ती’ हे सांगायला खुणा लागतात. चोरीच्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ साली ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. तीत फोटोबरोबर धातू, मापे, अक्षरे आणि वेगळ्या खुणा नोंदवतात. आपल्यालाही हे सहज जमेल. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि तळाचा असे पाच फोटो काढा. एकात शेजारी मुलांची फूटपट्टी ठेवा. टवका, डाग, वाकलेले बोट लपवू नका, तीच ओळख.

मग गंध-फूल वाहून, निरांजन लावून एक फोटो हौसेने काढा. त्यात रंग पिवळा आला तरी येऊ द्या.

फोटो नुसते फोनमध्ये ठेवू नका. प्रत्येकाच्या दोन प्रती छापून मागे पेन्सिलीने मूर्तीचे नाव, उंची, वजन आणि ती कुणाकडून कुणाकडे आली ते लिहा. एक प्रत घरात ठेवा, दुसरी लेकीच्या किंवा नणंदेच्या घरी.