गोंगाट करणाऱ्या मुली

परवा आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. हिजाब घातलेल्या तीन मुली, गिटार, ड्रम आणि समोर हजारोंची गर्दी. पहिली प्रतिक्रिया : "नऊजुबिल्लाह." दुसरी : "कयामत की निशानी." माझं उत्तर लांबत गेलं, म्हणून इथे लिहितेय.

बँडचं नाव 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. बाचेप्रोत हा इंडोनेशियातल्या सुंदानी भाषेतला शब्द, अर्थ गोंगाट. मारस्या गाते आणि गिटार वाजवते, विडी बास गिटार, सिती ड्रम. तिघीही पश्चिम जावातल्या गारुत भागातल्या. २०१४ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या आसपास होत्या, इस्लामी शाळेत शिकत होत्या आणि जरा बंडखोर म्हणून ओळखल्या जात होत्या. शाळेतल्या समुपदेशक शिक्षकाच्या लॅपटॉपवर त्यांनी 'सिस्टिम ऑफ अ डाउन' या मेटल बँडची गाणी ऐकली. त्या सरांनी लॅपटॉप बंद केला नाही. मुलींना वाजवायला शिकवलं.

पुढे धमक्या आल्या, दगड आले. मुलींनी २०२२ मध्ये 'देवा, मला संगीत वाजवू दे' अशा अर्थाच्या नावाचं गाणं काढलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवलं. जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरीत वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड ठरला.

आता 'हराम'बद्दल. संगीताला विरोध करणारे मोठे आलिम होऊन गेले, हे मला मान्य आहे. पण इब्न हज्म यांनी बंदीच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या हदीसा कमजोर ठरवल्या, इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं, हेही तितकंच खरं. जिथे आलिमांचं एकमत नाही, तिथे आपण कोण फतवे ठोकणार? आणि आपल्या मिरजेत काय चालतं? सतार-तंबोरे बनवणारी घराणी मुसलमान. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत मैफली होतात. तिथे आपण अभिमानाने मान डोलावतो. मग अडचण संगीताची आहे, की वाजवणारी मुलगी आहे याची?

काश्मीर आठवा. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या स्पर्धेत 'प्रगाश' या शाळकरी मुलींच्या बँडने वाजवलं. आधी इंटरनेटवर शिवीगाळ, मग फेब्रुवारी २०१३ मध्ये मुख्य मुफ्तींनी गाणं गैरइस्लामी ठरवलं. मुख्यमंत्री मुलींच्या बाजूने बोलले, तरी बँड मोडला. तीन पोरींना गप्प करून दीन किती मजबूत झाला, ते कुणीतरी मला समजावून सांगावं.

टाळ्या वाजवणाऱ्या बिगरमुस्लिम मित्रांनाही दोन शब्द. "बघा, हिजाबातून सुटलेल्या मुली!" असं लिहू नका. त्या सुटलेल्या नाहीत. त्या नमाज पढतात, हिजाब आपल्या मर्जीने घालतात आणि आमच्या कपड्यांपेक्षा संगीताबद्दल विचारा, असं मुलाखतींत सांगून थकल्या आहेत. त्यांना तुमच्या वादातला पुरावा बनवू नका.

पण माझं खरं भांडण आपल्याशी, शिक्षकांशी आहे. वीस वर्षं मीही वर्गात शिरताच "खामोश!" म्हणत आलेय. नात गाणारी मुलगी आपल्याला आवडते, कारण ती मान खाली घालून गाते आणि जागेवर जाऊन बसते. जी प्रश्न विचारते, बाकावर ताल धरते, तिच्या अब्बांना आपण शाळेत बोलावतो. बी.एड.मध्ये 'सुप्त गुणांचा विकास' यावर दहा मार्कांचं उत्तर आपण सगळ्यांनीच लिहिलंय.

गारुतच्या त्या शिक्षकाकडे आपल्यापेक्षा जास्त काय होतं? एक लॅपटॉप. तो तर आपल्या शाळेतही आहे, ऑफिसच्या कपाटात, कुलपात. यंदाच्या स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका मुलीला ढोलकी वाजवायची आहे. तिचं नाव मी यादीत लिहिलंय. ते कोण खोडतं, ते बघायचंय.