हिमांतील छायाचित्रें
गुलमर्गास जाऊन आलेली मंडळी आम्हांस सांगतात कीं, डोळ्यांस शुभ्र दिसलेलें हिम छायाचित्रांत राखेसारखें उतरतें. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या रंगाचें गृहीत धरतो व हिमाची झळाळी पाहून हात आखडता घेतो. यास्तव एक्स्पोजर १ ते २ स्टॉपांनीं वाढवावें. हिमांत उभ्या असलेल्या आजीचा चेहराही मग काळवंडत नाहीं. मात्र हिमावरील पाउलखुणा शुभ्रतेंत लोपूं लागल्या कीं थांबावें. त्या मागाहून परत मिळत नाहींत.

संपादनांत आधीं उजळपणा पाहावा, मग निळसर झांक बेताची करावी. सावलींतील निळाई आकाशाची असते. ती समूळ पुसूं नये. फेरफार नकलेवरच करावेत. मूळ प्रत जपावी. आजीस पुन्हां तितक्या उंचीवर नेणें साधेलच असें नाहीं.