छेद न पाहता केलेला हिशेब

व्यवस्थापन संस्थांच्या 'कॅट' परीक्षेचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवरील खासगी वर्गांचे फलक बदलतात. हसतमुख छायाचित्रे आणि त्यांखाली ठळक अक्षरांत 99.4, 98.7 असे आकडे. त्याच वर्गाचे शुल्क भरूनही ज्यांच्या पदरी काही पडले नाही, त्यांची छायाचित्रे अर्थातच लावीत नाहीत. फलक खोटे बोलत असतो असे नव्हे. तो अंश तेवढा दाखवितो, छेद दाखवीत नाही. आपल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, याचा हिशेब आपले विद्यार्थी आणि पालकही असाच छेदावाचून मांडतात, असे इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर मला म्हणावे लागते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला या परीक्षेत 96 पर्सेंटाइल मिळाले. वडील कारकून, त्यांनी कचेरीत पेढे वाटले. दहावीच्या गुणपत्रिकेतील 96 चे मोल ज्यांना ठाऊक, त्यांनी पेढे वाटले यात नवल नाही. परंतु पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ते रांगेतील स्थान होय. 2024 च्या कॅटला सुमारे 2 लाख 93 हजार उमेदवार बसले. तेव्हा 96 चा अर्थ असा की, साडेअकरा हजारांहून अधिक उमेदवार आपल्यापुढे आहेत. 99 मिळविणाराही सुमारे 2,900 जणांच्या मागे उभा असतो. अहमदाबादच्या संस्थेतील मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा सुमारे 400. केंद्रीय आरक्षणाचे 59.5 टक्के वजा जाता सर्वांसाठी खुल्या उरतात त्या जेमतेम 160. हा भागाकार पेढ्यांच्या आधी कोणी केला नव्हता.

रांगही एकच नसते, हे आपल्याकडे फारसे ध्यानात घेतले जात नाही. राज्याच्या आणि केंद्राच्या आरक्षणाच्या याद्या निराळ्या. 2024 च्या राज्य कायद्याने मराठा समाजाला दिलेले 10 टक्के आरक्षण राज्याच्या प्रवेशप्रक्रियेपुरते आहे. केंद्रीय संस्थांत ते नाही. भटक्या-विमुक्तांचे स्वतंत्र गट राज्यात आहेत, केंद्राच्या संस्थांत तसे नाहीत. म्हणजे एकच उमेदवार मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसाठी एका गटात मोडतो, तर पवईच्या आय.आय.एम.साठी दुसऱ्या. दाखलाही त्या त्या नमुन्यातील लागतो आणि तो वेळेवर न मिळाल्याने हातची जागा गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शक्यता मोजावयाची ती आपल्या गटाच्या जागांवरून, संस्थेच्या एकूण जागांवरून नव्हे.

शिवाय परीक्षेचे गुण हा हिशेबाचा एक भाग झाला. मुलाखतीला बोलावताना अनेक संस्था दहावी, बारावी आणि पदवीचे गुण विचारात घेतात. नोकरीच्या अनुभवाला वजन देतात. काही संस्था मुलींना व अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना अधिक गुण देतात. वयाच्या पंधराव्या वर्षी लागलेला निकाल तेविसाव्या वर्षी आडवा यावा हे मला न्याय्य वाटत नाही. परंतु नियम तसा आहे आणि तो आकडा आता बदलणार नाही. म्हणूनच ज्या संस्था त्याला कमी वजन देतात त्या हुडकून काढणे हे दुसऱ्यांदा परीक्षेला बसण्याइतकेच उपयोगाचे काम आहे.

त्या विद्यार्थ्याला अंबडच्या कारखान्यातील नोकरी सोडून वर्षभर केवळ अभ्यास करावयाचा होता. वडिलांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. मी त्याला शेवटच्या दहा सराव परीक्षांचे गुण लिहावयास सांगितले. त्याने आधी सर्वांत मोठा आकडा सांगितला. सगळेच तसे करतात. दहांचा मध्य काढला तो प्रत्यक्ष निकालाच्या जवळच निघाला. याचा अर्थ असा की, त्या दिवशी नशिबाने त्याला दगा दिला नव्हता, त्याची कुवत तूर्त तेवढीच होती. कॅटमध्ये बरोबर उत्तराला 3 गुण आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर 1 गुण वजा. त्याच्या चुका पाहिल्या तेव्हा न येणाऱ्या प्रश्नांपेक्षा घाईने ठोकून दिलेल्या उत्तरांनीच अधिक गुण गेले होते. हा दोष सुधारण्यास वर्षभराची बिनपगारी सुटी लागत नाही. रोज पहाटेचे दोन तास पुरतात. अर्थशास्त्रात ज्याला आपण संधी-खर्च म्हणतो तो येथे बारा महिन्यांचा पगार, आणि त्याबरोबर अनुभवाचे एक वर्ष, ज्याला प्रवेशात गुण आहेत. अभ्यासासाठी नोकरी सोडणे हे कित्येकदा त्याच अभ्यासाचे मोल कमी करणे ठरते.

राज्याच्या प्रवेश परीक्षेचे गणित आणखी निराळे. तेथे 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि चुकीला दंड नाही. कॅटसाठी संयम शिकलेला विद्यार्थी येथे प्रश्न कोरे ठेवून येतो आणि मागे पडतो. जमनालाल बजाजच्या 120 जागांसाठी खुल्या गटाची दारे 99 च्या बरीच वर बंद होतात. परंतु त्याखाली चांगल्या संस्थांची मोठी पायरी आहे, आणि आधीच्या वर्षी कोणत्या गटाला कोठवर प्रवेश मिळाला याचे आकडे राज्याचा परीक्षा कक्ष जाहीर करतो. ते आकडे विनामूल्य आहेत. तरी पालक हजारो रुपये देऊन समुपदेशकाकडून तेच ऐकतात.

फलकांविषयी एक मागणी मात्र केली पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ घेतला हे सांगणे त्यांनुसार आवश्यक आहे. त्यात आणखी एका आकड्याची भर पडावी : त्या वर्षी त्या वर्गात एकूण किती जणांनी नाव नोंदविले होते. तो आकडा शोधण्यासाठी कोणाला समिती नेमावी लागणार नाही. तो प्रत्येक वर्गाच्या पावतीपुस्तकात आहे.