सूट द्या, पण पाळणा कापू नका



गिऱ्हाईक म्हणतं, "थोडं कमी करा की." आपण म्हणतो, "बघतो, काहीतरी करतो." या ‘काहीतरी’बद्दल आज लिहायचं आहे. कारण बहुतेक वेळा आपण आपला नफा कमी करत नाही, मालातलं काहीतरी काढून घेतो. आणि काढताना नेमकं तेच काढतो जे गिऱ्हाइकाला दिसत नाही. मीही हे केलंय. एका जेट स्कीच्या पेटीत केलंय आणि त्याची किंमत मोजली आहे.

नवीन मंडळींसाठी सांगतो, कोल्हापूरजवळ शिरोलीला माझं लाकडी पॅलेट आणि पेट्यांचं दुकान आहे. मुख्य काम फाउंड्र्यांचं. कास्टिंग म्हणजे मुका, जड माल. खाली तीन जाड ओंडके, वर फळ्या, त्यावर कास्टिंग ठेवलं, पट्टा आवळला, काम झालं. आमचे मिस्त्री ही पेटी झोपेतसुद्धा ठोकतील.

दोन वर्षांपूर्वी मालवणकडचे एक वॉटर स्पोर्ट्सवाले दुकानात आले. त्यांनी आपली एक वापरलेली जेट स्की अंदमानातल्या व्यावसायिकाला विकली होती. इथून ट्रकने चेन्नई आणि तिथून जहाज. पेटी पाहिजे होती. मी हिशेब करून ३४ हजार सांगितले. ते म्हणाले, "दादा, लाकडाच्या खोक्याला एवढे? पंचवीस करा." चहा झाला, घासाघीस झाली, २७ हजारांवर मिटलं. म्हणजे ७ हजार कमी.

आता हे ७ हजार आणायचे कुठून? बाजूचा प्लाय पातळ केला तर त्यांना दिसणार. वरचं झाकण काढलं तर दिसणार. मग मी काय केलं? जेट स्कीच्या पोटाखाली जो पाळणा करणार होतो, तो काढून टाकला. तळाच्या आडव्या पट्ट्या सातच्या चार केल्या. आणि मनाला समजावलं, "एवढं कास्टिंग बसतं, ही तर हलकी आहे."

हलकी आहे हे खरंच. साधी दोन जणांची जेट स्की दोनशे किलोच्या आसपास असते, मोठी तीन जणांची साडेतीनशेच्या पुढे जाते. कास्टिंगच्या मानाने काहीच नाही. पण कास्टिंगला पोट नसतं. जेट स्कीचं खालचं अंग फायबरचं किंवा तशाच मिश्र मटेरियलचं असतं. पाण्यात तिचं वजन सगळ्या पोटावर सारखं पसरतं. कोरड्यावर तिला दोन अरुंद पट्ट्यांवर टेकवलं की सगळं वजन त्या दोन रेघांवर येतं. उभी असेल तोवर चालतं. पण ट्रक खड्ड्यात आपटला की तेच वजन क्षणभर कितीतरी पट होतं. कोल्हापूर ते चेन्नई म्हणजे हजारभर किलोमीटर, त्यानंतर बंदरातली चढउतार, त्यानंतर समुद्र.

पेटी तिकडे पोचली. बाहेरून एक ओरखडा नाही. उघडली तर पोटाला दोन ठिकाणी तडे, अगदी माझ्या पट्ट्यांच्या रेघेवर. फोटो आला तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच ठेवलं.

फायबरच्या दुरुस्तीचे २२ हजार मी भरले. भरायलाच पाहिजे होते. पण खरं नुकसान त्यांचं झालं. डिसेंबरच्या ऐन गर्दीत त्या माणसाची जेट स्की तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडून राहिली. ते पैसे मी भरून देऊ शकलो नाही. आणि मालवणवाले मला एकच वाक्य बोलले, "दादा, तुम्ही तेव्हाच सांगायचं ना, की एवढ्यात होत नाही म्हणून." याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. भाव कमी करण्यात काही पाप नाही. पण ज्या भागावर माल उभा आहे, त्या भागाला हात लावायचा नाही. काय कापलं हे गिऱ्हाइकाला सांगता येत नसेल, तर ते कापायचंच नाही.

आता ही पेटी नीट कशी असते ते सांगतो, म्हणजे पैसा कुठे जातो ते कळेल.

सगळ्यात आधी तळ. लांबीच्या दिशेने ४ बाय ४ इंचाचे तीन ओंडके, म्हणजे खाली फोर्कलिफ्टचे काटे घालायला जागा मिळते. १२ फुटांच्या पेटीला हेच ४ घनफूट लाकूड झालं. त्यावर आडव्या पट्ट्या. हे सगळं नुसत्या खिळ्यांवर नाही, बोल्टवर. लाकडाच्या टोकाकडून, म्हणजे रेषांच्या दिशेने आत मारलेला खिळा धरत नाही, हादऱ्याने वर येतो. लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाटेत सुकतं, आक्रसतं आणि सगळे सांधे ढिले पडतात.

मग पाळणा. जेट स्कीच्या ट्रेलरवर दोन लांब गादीवाल्या पट्ट्या असतात ना, तीच कल्पना. पोटाच्या उताराला जुळेल अशा कोनात दोन लांब लाकडं, वर जाड फोम किंवा कार्पेट. वजन लांबीभर पसरलं पाहिजे. मागच्या बाजूला, जिथून पाण्याचा झोत बाहेर पडतो आणि खाली जिथून पाणी आत ओढलं जातं, तिथे लाकूड टेकता कामा नये. माप घेतल्याशिवाय हे जमत नाही. मिस्त्रीचा अर्धा दिवस यातच जातो. त्या वेळी मी जो वाचवला तो हाच अर्धा दिवस आणि हेच लाकूड.

तिसरं म्हणजे बांधणं. पुढे एक आणि मागे दोन लोखंडी कड्या जेट स्कीलाच असतात. पट्टे त्या कड्यांत अडकवून खाली ओंडक्यांकडे ओढायचे. सीटवरून पट्टा टाकून आवळायचा नाही आणि पेटीच्या भिंतीला तर अजिबात बांधायचं नाही. भिंत काढून टाकली तरी जेट स्की तळावर घट्ट उभी राहिली पाहिजे, ही माझी परीक्षा.

चौथं म्हणजे भिंती आणि झाकण. हे शेवटी येतं, पण गिऱ्हाइकाला हेच आधी दिसतं. आतून चौकट, बाहेरून प्लाय. सुमारे साडेतीन मीटर लांब पेटीला ८ बाय ४ च्या सहा-सात शीट लागतात. झाकण स्क्रूवर ठेवायचं, म्हणजे तपासणीवाल्यांनी उघडलं तरी पेटी फुटत नाही. इंजिन जिथे आहे तिथे वजन जास्त, म्हणून तोलाची जागा बाहेरून रंगाने दाखवायची.

आणि पॅक करण्याआधी पेट्रोल काढलेलं आहे का, बॅटरी सुटी केलेली आहे का, इंजिन गोड्या पाण्याने धुऊन वाळवलंय का, हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाला लेखी विचारायचे. धोकादायक मालाचे नियम असतात, ट्रान्सपोर्टवाला आणि शिपिंगवाला काय कागद मागतो ते आधीच विचारून ठेवायचं.

आता मुद्द्याचं. मग सूट द्यायची कुठून? जागा आहेत, आणि त्या गिऱ्हाइकाला उघड सांगता येतात.

पहिली जागा उंची. हँडल काढता येत असेल तर पेटी अर्धा फूट बुटकी होते. समुद्रमार्गे सुटा माल जातो तेव्हा भाडं बहुतेक वेळा टन किंवा घनमीटर, जे जास्त भरेल त्यावर लागतं. साडेतीन बाय १.४ बाय १.३ मीटरची पेटी म्हणजे जवळपास ६.४ घनमीटर. वजन अर्ध्या टनाच्या आसपास. म्हणजे तुम्ही भाडं जागेचं देताय, वजनाचं नाही. उंची १५ सेंटीमीटरने कमी केली की जवळपास पाऊण घनमीटर वाचतो. हे गिऱ्हाइकाला सांगा, तो तुमच्याशी पेटीच्या भावावरून भांडणं सोडून देईल.

दुसरी जागा भिंती. सगळीकडून प्लाय नको असेल तर उघडी चौकट द्या, तिरक्या पट्ट्या मारून. आत कव्हर घाला. दिसायला साधी, पण स्वस्त आणि भक्कम.

तिसरी जागा म्हणजे पेटीच न विकणं. मालवणहून गोव्याला किंवा अलिबागला न्यायची असेल तर ट्रेलरवर नेऊन बांधा, पेटी कशाला? मी आता हे तोंडावर सांगतो. दोन गिऱ्हाइकं अशी परत पाठवली. त्यातलं एक नंतर दुसऱ्या कामासाठी आलं.

एक जागा मात्र अशी आहे जिथे बरेच जण गुपचूप कापतात. परदेशात माल जाताना कच्च्या लाकडाला आयएसपीएम १५ चा नियम लागतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं ठेवायचं आणि मग नोंदणीकृत केंद्राचा शिक्का. प्लायला ही अट नाही, पण तळाच्या ओंडक्यांना आहे. "शिक्का आपण मारून घेऊ" असं कोणी म्हणालं तर त्या माणसापासून लांब राहा. खोटा शिक्का तिकडच्या बंदरात सापडला तर माल परत येऊ शकतो किंवा नष्ट होऊ शकतो. चार पैशांसाठी दुसऱ्याच्या लाखांवर जुगार खेळायचा नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, तुम्ही ३४ सांगाल आणि शेजारचा २५ मध्ये करून देईल. मग?" बरोबर आहे, देईल. माझं गिऱ्हाईक असं गेलंय आणि वाईटही वाटलं. महिनाअखेरीला पगार द्यायचे असतात तेव्हा तत्त्वं जड वाटतात, हे मलाही माहीत आहे. पण चूक माझ्या भावात नव्हती, माझ्या कोटेशनमध्ये होती. मी एकच ओळ लिहायचो: ‘लाकडी पेटी, एक नग, ३४,०००’. अशा ओळीत गिऱ्हाइकाला फक्त खोका दिसतो, आणि खोक्याला तो पंचवीसच देणार.

आता मी चार ओळी लिहितो. तळ आणि पाळणा. बांधणी. भिंती आणि झाकण. माप, पॅकिंग आणि फोटो. प्रत्येकाची किंमत वेगळी. पहिल्या दोन ओळींखाली लिहिलेलं असतं: ‘यात बदल होणार नाही.’ खालच्या दोन ओळींत काय हवं ते गिऱ्हाइकाने काढावं. आणि पेटी बंद करण्याआधी तळाचे, पाळण्याचे, पट्ट्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो. जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं की त्याचे पैसे मागायला लाज वाटत नाही.

मित्रांनो, तुमचा धंदा पेट्यांचा नसेल. केकचा असेल, ब्लाउज शिवायचा असेल, वायरिंगचा असेल. पण प्रत्येक धंद्यात एक पाळणा असतोच. ब्लाउजमधलं अस्तर, भिंतीच्या आतली वायर, केकखालचा बोर्ड. आज दुकान बंद केल्यावर कोटेशनची वही काढा आणि शेवटच्या पाच सौद्यांत भाव पाडला तेव्हा तुम्ही काय काढलं ते लिहा. फक्त स्वतःसाठी लिहा, कोणाला दाखवू नका.

त्यातली एखादी गोष्ट गिऱ्हाइकाला फोन करून सांगायची हिंमत होत नसेल, तर पुढच्या वेळी ती काढायची नाही. एवढं एक केलं तरी पुरे.