बर्बनला सवलत, पेला महागच

घरच्या घरी 'मॅनहॅटन' करणे अवघड नाही. ६० मिलिलिटर बर्बन, ३० मिलिलिटर गोड व्हर्मूथ आणि बिटर्सचे दोन शिंतोडे बर्फासह अर्धा मिनिट ढवळून गाळले, की पेला तयार. अवघड आहे तो बाटल्यांचा खर्च.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, पंतप्रधान मोदी आणि अध्यक्ष ट्रम्प यांच्या वॉशिंग्टन भेटीच्या तोंडावर, केंद्राने बर्बनवरील आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणले. व्हर्मूथ मात्र या सवलतीतून वगळले गेले. शिवाय मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने त्यावर राज्यांचे कर वेगळे लागतात. त्यामुळे अमेरिकेला दिलेली सवलत ग्राहकाच्या खिशापर्यंत किती पोहोचते, हे दिल्लीइतकेच राज्यांच्या तिजोरीवरही अवलंबून आहे.