गाठ काढली, आता पुढे काय?

खुलताबाद तालुक्यातील एखाद्या गावात कुशीत कळ आली, लघवीतून रक्त गेले, की पहिला संशय मुतखड्यावर जातो. सोनोग्राफी होते आणि कधी खड्याऐवजी मूत्रपिंडात गाठ दिसते. मग घाट उतरून छत्रपती संभाजीनगर, सीटी स्कॅन, शस्त्रक्रिया. मूत्रपिंड काढल्यावर घरच्यांचा एकच प्रश्न उरतो : आजार पुन्हा उलटेल का?

आज याचे उत्तर गाठीच्या तपासणीवरून दिले जाते. गाठ किती मोठी होती, शेजारच्या रक्तवाहिनीत शिरली होती का, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात, यावरून कमी, मध्यम किंवा जास्त धोका ठरतो. पण एकाच गटातल्या दोन रुग्णांपैकी एक दहा वर्षे ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याच्या फुफ्फुसात दोन वर्षांत आजार दिसतो. हा फरक आधी ओळखता यावा म्हणून शास्त्रज्ञ प्रथिनांकडे वळले आहेत.

आता शस्त्रक्रियेनंतरही औषध उपलब्ध असल्याने या प्रश्नाला अधिक महत्त्व आले आहे. पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाच्या ‘कीनोट-५६४’ या चाचणीत आजार उलटण्याचा धोका जास्त असलेले ९९४ रुग्ण होते. चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के हयात होते. न घेतलेल्यांपैकी ८६ टक्के. फायदा खरा आहे. पण शंभरातले ८६ जण सुरुवातीला हे औषध न घेताही चार वर्षे जगले, हेही तितकेच खरे. वर्षभर चालणाऱ्या या उपचारात एकेका डोसचा खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय थायरॉइड, आतडी किंवा फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो. औषधाची खरी गरज कोणाला, हे कळले नाही तर शेत विकूनही अंधारातच तीर मारला जातो.

इथे ‘किम-१’ या प्रथिनाने आशा दाखवली आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा झाली की हे प्रथिन वाढते. मूत्रपिंडाचे बहुतेक कर्करोग याच नलिकांच्या पेशींतून उगम पावत असल्याने गाठीतूनही ते रक्तात उतरते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात निदानाच्या काही वर्षे आधीच काही रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले आढळले.

पुढचा दुवा एका फसलेल्या चाचणीतून मिळाला. अ‍ॅटेझोलिझुमॅब हे याच जातीचे औषध शस्त्रक्रियेनंतर ७७८ रुग्णांच्या चाचणीत तपासले गेले. २०२२ मध्ये निकाल आला : एकूण गटात फायदा नाही. मात्र साठवलेले रक्त तपासले, तेव्हा वेगळे चित्र दिसले. किम-१ जास्त असलेल्यांत आजार अधिक उलटत होता आणि त्यांनाच औषधाचा लाभ होत असल्याचे दिसले. कमी असलेल्यांत लाभ दिसला नाही.

तरीही घाई नको. हा हिशेब चाचणी झाल्यानंतर मांडलेला आहे. आधी किम-१ मोजून त्यानुसार उपचार ठरवले, तर रुग्ण अधिक जगतात का, हे नव्या चाचण्यांनीच सिद्ध व्हायला हवे. शिवाय मधुमेहाने किंवा काही औषधांनी मूत्रपिंडाला इजा झाली, तरी हे प्रथिन वाढते. तेव्हा ‘कर्करोग ओळखणारी रक्तचाचणी’ म्हणून कोणी ती निरोग्यांच्या गळ्यात मारू लागल्यास सावध राहावे.

ही चाचणी खरी ठरली, तर मोठा लाभ खुलताबादसारख्या तालुक्यांना होईल. रक्ताची नळी शहरात पाठवता येते. रुग्णाची मजुरी बुडत नाही. तोवर जुन्या गोष्टीच कामाच्या. गाठीच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा, तो पुढच्या प्रत्येक निर्णयाचा आधार असतो. बरे वाटते म्हणून ठरलेला स्कॅन चुकवू नये, कारण उलटलेला आजार सुरुवातीला दुखत नाही. तंबाखू सोडावी, रक्तदाब सांभाळावा आणि उरलेल्या एकाच मूत्रपिंडासाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणे थांबवावे.