रंगभूमीस भूमी कोण देणार ?

ज्या नाटकमंडळ्या नफ्यासाठी चालत नाहीत, ज्यांचे सभासद दिवसभर कचेरीत, शाळेत किंवा पेढीवर राबून रात्री तालमीस जमतात, त्यांपैकी एखादीच्या चिटणिसास आमच्या वाचकांनी जमाखर्चाची वही उघडावयास सांगावे. नटांस वेतन नाही, लेखकाचे मानधन नाममात्र, पोशाख कोणाच्या तरी घरच्या ट्रंकेतून आलेले. एवढी काटकसर करूनही वहीच्या खर्चाच्या बाजूस एक रकम अशी दिसेल की तीपुढे बाकीच्या सर्व रकमा किरकोळ ठरतात. ती रकम म्हणजे जागेचे भाडे. समजा, एका मंडळीने १५० आसनांची जागा घेतली, तिकीट २०० रुपये ठेविले आणि निम्मी आसने भरली. गल्ला झाला १५,००० रुपयांचा. त्यातून सत्राचे भाडे, ध्वनिप्रकाशाची वेगळी आकारणी, वातानुकूलनाचे पैसे आणि रंगीत तालमीसाठी आदल्या दिवशी घेतलेल्या सत्राचे भाडे वजा करावे. मग नेपथ्य वाहून आणणाऱ्या टेम्पोचे भाडे आणि पडदा ओढणाऱ्याची मजुरी कशातून द्यावयाची, हा प्रश्न उरतो. आणि तो बहुधा चिटणिसाच्या स्वतःच्या खिशातून सुटतो. शिवाय पहिल्या प्रयोगापूर्वी दोन महिने तालमीसाठी जी खोली लागली, तिचा हिशेब आम्ही अद्याप धरलेलाच नाही.

व्यापारी वाचकांस हे गणित समजावून सांगावयास नको. ज्या धंद्याचे सारे उत्पन्न गाळ्याच्या भाड्यात जाते, तो धंदा मालाच्या दोषामुळे बुडाला असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु प्रायोगिक नाटकांविषयी मात्र ‘लोकांस ती नकोत’ हा निकाल आपण किती सहज देऊन टाकतो !

वास्तविक पाहता मराठी रंगभूमीचा इतिहास हा बराचसा जागेचाच इतिहास आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. आश्रय याचा अर्थ केवळ बिदागी नव्हे. तालमीस जागा, नटांस अन्न आणि प्रयोगास जाणते प्रेक्षक, हे सारे त्या एका शब्दात येत होते. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय तुटला आणि भाव्यांस मंडळी घेऊन गावोगाव फिरणे भाग पडले. १८५३ मध्ये मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. हे नाट्यगृह १८४६ मध्ये उभे राहिले, त्यात जगन्नाथ शंकरशेट यांचा मोठा हात होता. एका संस्थानिकाने जे आरंभिले त्यास मुंबईत एका व्यापाऱ्याच्या पुढाकाराने उभे राहिलेले छप्पर लाभले, ही गोष्ट आमच्या पेठांतील मंडळींनी विसरू नये. पुढे १९१५ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापुरास पॅलेस थिएटर बांधले. तेच आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत सापडले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. इमारतीसाठी लोक रडतात ते तिच्या भिंतींकरिता नव्हे.

१९३१ नंतर बोलपट आला आणि अनेक नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. त्या काळी नाटकमंडळ्या का मोडल्या याची चर्चा करणारे नटांच्या पगारांकडे, कर्जांकडे, गाण्यांच्या अतिरेकाकडे बोट दाखवितात. ते खोटे नाही. परंतु पडद्याने नाटकाचा प्रेक्षक नेला तसे नाटकाचे घरही नेले, हे कारण त्या यादीत अभावानेच सापडते.

स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने व नगरपालिकांनी हे कार्य अंगावर घेतले, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १९५४ पासून चालू झालेल्या राज्य नाट्यस्पर्धेने जिल्ह्याजिल्ह्यांतील हौशी मंडळ्यांस वर्षातून एकदा तरी खरा रंगमंच दिला. आमच्या मते पारितोषिकांपेक्षा हेच तिचे मोठे देणे होय. पुण्यास १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर झाले आणि त्यानंतर इतर शहरांतही मोठी नाट्यगृहे उठली. मात्र ही बहुतेक बांधली गेली ती सातशे-हजार आसनांच्या हिशेबाने. व्यावसायिक नाटकास ती योग्यच. परंतु नवख्या लेखकाचे पहिले नाटक, जे पाहावयास ऐंशी माणसे येणार, ते हजार खुर्च्यांपुढे करावयाचे म्हणजे लग्नाच्या मांडवात मुंजीचे जेवण घालण्यासारखे आहे. त्यातच शनिवार-रविवारची सत्रे व्यावसायिक नाटकांस, वाद्यवृंदांस, सत्कारसमारंभांस आणि पक्षांच्या मेळाव्यांस गेल्यावर हौशी मंडळीच्या वाट्यास मंगळवारची दुपार येते.

याच्या उलट मुंबईतील छबिलदासचे उदाहरण पाहा. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेतील वरच्या मजल्यावरचे एक साधे दालन. तेथे १९७४ पासून ‘आविष्कार’ या संस्थेने प्रयोग चालविले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी ही जागा केवळ आपल्या संस्थेपुरती राखिली नाही. इतर मंडळ्यांसही ती अल्प भाड्यात वापरू दिली. रंगमंच असा नव्हताच. प्रेक्षक आणि नट एकाच जमिनीवर, खालून दादरच्या बाजाराचा कोलाहल, आणि वर उकाडा. तरीही सुमारे दीड तप तेथे जे घडले, त्यास आज मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘छबिलदास चळवळ’ असे स्वतंत्र नाव आहे. जगात एखाद्या वाङ्मयीन चळवळीस शाळेच्या दालनाचे नाव क्वचितच पडले असेल. ती जागा सुटल्यावर आविष्कारास माहीमच्या एका महापालिका शाळेचा आसरा घ्यावा लागला. संस्था टिकली, तरी एकाच छपराखाली अनेक मंडळ्या जमण्याचा तो योग पुन्हा तसा जुळून आला नाही. १९७८ मध्ये जुहूस उघडलेले पृथ्वी थिएटर व पुण्याचा सुदर्शन रंगमंच हेही याच जातीचे पुरावे आहेत. लहान जागा, परवडणारे भाडे आणि नियमित तारखा एवढे जमले की प्रेक्षक हळूहळू घडत जातो.

आता अनुदानांकडे वळू. अनुदान मुळीच नाही असे नव्हे. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची इमारतींकरिता एक योजना आहे. महानगरांत ५० लाखांपर्यंत आणि अन्यत्र २५ लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते व लहान प्रयोगगृहेही तीत येतात. परंतु उरलेला वाटा संस्थेने स्वतः उभा करावयाचा आणि जमिनीचे कागद हाती असावयाचे ! ज्या मंडळीपाशी तालमीची खोली नाही, तिने इमारतीचा नकाशा कोठून आणावा ? गुरु व शिष्यांस मासिक मानधन देणारी दुसरी योजना आहे. तिने माणसे जगतात, ही लहान गोष्ट नव्हे, पण माणसे उभी राहावयाची कोठे हा प्रश्न तसाच राहतो. तिसरी योजना उत्सव व नाट्यनिर्मिती यांच्या खर्चास पैसे देते. त्यात भाडे हे अनेक कलमांतील एक कलम, आणि रकमेचा काही भाग हाती यावयाचा तो सारे कार्य उरकून हिशेब सादर केल्यानंतर. भाडे मात्र आगाऊ भरावे लागते, आणि अनामतही. करांच्या बाबतीतही असेच घडले आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हा नाटकाच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटास सूट होती. २०१८ मध्ये ही मर्यादा ५०० रुपयांपर्यंत नेली. सूट प्रेक्षकास मिळाली, ठीक झाले. परंतु प्रेक्षक ज्या छपराखाली बसतो त्या छपराच्या भाड्याचा भार त्याने हलका होत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की, अनुदानाचा एक निश्चित भाग थेट जागेच्या भाड्यासाठीच असावा. नोंदणी झालेल्या, नफा न वाटणाऱ्या मंडळीने ठरलेल्या नाट्यगृहात सत्र घ्यावे. भाड्याचा समजा चौथा हिस्सा तिने भरावा आणि उरलेला नगरपालिकेने किंवा सरकारने परस्पर नाट्यगृहास द्यावा. मंडळीच्या हाती रोकड पडत नाही, म्हणून अपहाराची शंका नाही. प्रयोग झाला की नाही हे तिकीटविक्रीच्या नोंदीवरून कोणीही पाहू शकतो. जेथे नाट्यगृह नगरपालिकेच्याच मालकीचे आहे तेथे तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घालावयाचे आहे. त्याबरोबरच महिन्यातील ठराविक सायंकाळी अशा मंडळ्यांकरिता राखून ठेविल्या पाहिजेत, आणि त्या मंगळवार दुपारच्या नव्हेत.

या पद्धतीचा एक गुण आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. निर्मितीस अनुदान देणारा संहिता वाचतो. संहिता वाचणारा आज ना उद्या ती दुरुस्त करावयास बसतो. आपल्या राज्यात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वरून केवढे वादळ उठले आणि ते नाटक रंगमंचावर आणण्यास कमलाकर सारंगांस उच्च न्यायालयापर्यंत कसे जावे लागले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे. अशा स्थितीत पैशाच्या रूपाने दुसरा परीक्षक आणून बसविणे आम्हांस मान्य नाही. भाड्याच्या साहाय्यास मात्र नाटकात काय आहे हे विचारण्याचे कारणच पडत नाही. ते दिवा पेटवून, दार उघडून बाजूस होते. सरकारास न रुचणारे नाटकही त्याच दराने त्याच रंगमंचावर येऊ शकले पाहिजे. किंबहुना ते येते की नाही यावरूनच ही योजना प्रामाणिक आहे की नाही हे कळेल.

कोणी म्हणेल की, रस्त्यांत खड्डे असता आणि नळास पाणी नसता नाटकांच्या भाड्यावर करदात्यांचा पैसा का उधळावा ? आक्षेप खोटा नाही, पण तो अर्धा आहे. नाट्यगृह करदात्यांच्या पैशानेच बांधलेले असते, तेथील रखवालदाराचा पगार चालूच असतो, आणि रिकाम्या सत्राचे उत्पन्न शून्य असते. रिकामे सत्र चौथ्या हिश्शाने दिले तर महापालिकेचे नुकसान किती, हे कोणत्याही दुकानदारास विचारावे; मोसम संपलेला माल तो काय भावाने काढतो ते तो सांगेल. दुसरा आक्षेप वशिल्याचा, आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. ज्यांची ओळख त्यांसच तारखा, असे घडले तर योजनेचा विटाळ होईल. म्हणून अर्ज करणाऱ्या व तारखा मिळालेल्या मंडळ्यांची यादी कारणांसह दर तिमाहीस नाट्यगृहाच्या दारावर लागली पाहिजे. आणि एकाच मंडळीस वर्षात किती सत्रे मिळावीत यास मर्यादा हवी.

सर्व भार सरकारावर टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. शहरातील शाळांची सभागृहे सायंकाळी कुलुपात असतात. मंगल कार्यालये लग्नाच्या तिथी नसलेल्या महिन्यांत ओस पडतात. पेठांतील कित्येक इमारतींचे वरचे मजले गोदाम म्हणूनही नीटसे वापरले जात नाहीत. तालमीस यापेक्षा अधिक काय लागते ? एक पंखा, एक दिवा, पिण्याचे पाणी, आणि रात्री साडेदहापर्यंत किल्ली ठेवणारा विश्वासू मनुष्य. मोठ्या कंपन्यांस तर २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यास खर्च करावाच लागतो आणि त्या कार्यांच्या यादीत कला व संस्कृती यांचा समावेश आहे. बहुतेक वेळा हा पैसा फलक लागेल अशा महोत्सवाकडे जातो. एका रात्रीच्या महोत्सवाच्या मांडवखर्चात तालमीची एक खोली वर्षभर चालविता येईल. पण खोलीवर लोकांस दिसेल असा फलक लागत नाही, ही तिची अडचण असावी.

परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे, ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे. गिरणीतील पाळी संपवून आलेल्या कामगारांनी तेथे नाटके बसविली आणि पाहिली. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झाले तेव्हा रंगकर्मी त्याच्या दारात जमले व नाट्यगृहाच्या जागी नाट्यगृहच, आणि तेवढेच, हवे असे त्यांनी बजाविले. ही मागणी योग्यच आहे. तिच्यात आम्ही आणखी एका कलमाची भर घालतो. कोणत्याही नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीस परवानगी देताना नव्या इमारतीत शंभर-दीडशे आसनांचे एक लहान दालन व तालमीच्या दोन खोल्या असाव्यात आणि हौशी मंडळ्यांसाठी त्यांचा दर आधीच ठरविलेला असावा, अशी अट परवान्यातच घातली पाहिजे. भिंती उभ्या राहिल्यावर ही अट घालू म्हटले तर तोवर गाळ्यांचा लिलाव होऊन गेलेला असतो.